'कट' म्हटल्यानंतर

१

डबा जागेवर होता. दोरी बांधलेली होती. आत मात्र काहीच नव्हतं.

दारिंका सकाळच्या कॉफीचा पहिला घोट घेत होती, तेवढ्यात वेद्रान तो रिकामा डबा छातीशी कवटाळून तिच्या गच्चीत येऊन उभा राहिला. डबा पत्र्याचा, गोल, परातीएवढा. वेद्रानच्या चेहऱ्याचा रंगही त्या पत्र्यासारखाच झाला होता.

"तेता दारा, मी मेलो!"

"मेलेली माणसं एवढ्या पायऱ्या चढत नाहीत. बस आधी. काय झालं?"

"तुकडा गेला. चोरीला गेला. आज संध्याकाळी सगळ्या बेटासमोर काय दाखवू मी? माझं तोंड?"

"तेही बघण्यासारखं झालंय," दारिंका म्हणाली आणि त्याच्यापुढे कॉफी सरकवली.

चाळीस वर्षांपूर्वी याच कोमोर्ना बेटावर 'बाबांचा कंदील' नावाचा चित्रपट तयार झाला होता. एका कोळ्याचा मुलगा, त्याची धाकटी बहीण, आणि समुद्रावरून परत न आलेला बाप, एवढीच गोष्ट. त्यात एक दृश्य होतं. बापाची उलटी झालेली होडी सापडली असं मुलाला कळतं, तो होडीघरात कंदील मांडीवर घेऊन बसलेला असतो, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळतं. बस. ते दृश्य देशात बघितलं नाही असा माणूस विरळा. आज संध्याकाळी बेटावरच्या उघड्या चित्रपटगृहात तो चित्रपट पुन्हा दाखवायचा होता. वेद्रान राजधानीतल्या एका चित्रपटसंग्रहात कामाला होता. जुने डबे उपसताना त्याला त्याच दृश्याचा न कापलेला तुकडा सापडला होता. दिग्दर्शकाने 'कट' म्हटल्यानंतरही कॅमेरा थोडा वेळ चालूच राहिला होता. ते कुणीच कधी बघितलं नव्हतं.

दारिंका त्या चित्रपटाची कंटिन्युइटी बघायची. कुठल्या हातात पेला होता, शर्टाचं कुठलं बटण उघडं होतं, मेणबत्ती किती जळली होती, हे लक्षात ठेवण्याचाच पगार तिने आयुष्यभर घेतला. निवृत्त झाल्यावर ती याच बेटावर येऊन राहिली आणि सगळ्यांची 'तेता दारा', म्हणजे दारामावशी, झाली. नजर मात्र निवृत्त झाली नव्हती.

"पोलिसांना कळवू का?" वेद्रानने विचारलं.

"कळव. ते स्प्लिट शहरातून लाँचने येतील. त्यांच्या आधीच्या लाँचने वर्तमानपत्रवाले येतील."

"नको, नको! वर्तमानपत्र नको! मी साहेबांना न विचारता तो तुकडा आणलाय. नोकरी जाईल माझी."

म्हणजे प्रसिद्धीसाठी यानेच लपवला असेल, ही शंका तिथेच मिटली. दारिंकाने डब्याची दोरी हातात घेतली. वेद्रानने गाठ न सोडता फास तसाच ओढून काढला होता, त्यामुळे गाठ शाबूत होती.

"ही गाठ तू मारलीस?"

"मी? मला बुटाच्या नाडीपलीकडे गाठ येत नाही."

कोळ्यांचा फास होता तो. पण त्यात काहीतरी खटकत होतं. दोरी जिकडून वर यायला हवी तिकडून ती खाली गेली होती. दारिंकाने दोरी पिशवीत टाकली.

"तुकड्याबद्दल कुणाकुणाला माहीत होतं?"

वेद्रानने मान खाली घातली. "काल जेवताना मीच बरळलो ना."

हो की. काल संध्याकाळी दोब्रिलाच्या खानावळीत, तुतीच्या झाडाखाली, पाच जण जेवायला बसले होते. गोड वाइन जरा जास्त झाली आणि वेद्रान ओरडला होता, "उद्या एक गंमत आहे! 'कट'नंतर काय झालं ते दाखवणार आहे!" त्यावर कुणी काहीच बोललं नव्हतं. प्रोजेक्टरच्या खोलीची किल्लीही दोब्रिलाच्याच स्वयंपाकघरात, दारामागच्या खिळ्याला असते, हे टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत होतं.

वेद्रान आणि ती स्वतः वजा केली तर उरले तिघे: खानावळवाली दोब्रिला, चित्रपटाचे दिग्दर्शक क्रशेवान, ज्यांना सगळे बार्बा म्हणजे काका म्हणत, आणि त्यात कोळ्याचा मुलगा झालेला येर्को. तिघांपैकी एकाने काल तिच्या शेजारी बसून मासे खाल्ले होते, आणि मग जाऊन चोरी केली होती.

२

दोब्रिला पालेभाजी निवडत होती. चित्रपटातली धाकटी बहीण ती. तेव्हा आठ वर्षांची, दोन वेण्यांची. आता खानावळीची मालकीण, चित्रपटगृहाची राखणदार आणि बेटावरच्या भानगडींची सरन्यायाधीश. त्या चित्रपटानंतर ती कधीच कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नव्हती.

"बरं झालं गेला तो तुकडा," ती म्हणाली. "कुणी नेला असेल त्याला माझ्याकडून एक बाटली."

"असं का गं?"

"असं का? बार्बा क्रशेवानने त्या पोराला काय सांगून रडवलं, विसरलीस? म्हणे तुझ्या बाबांच्या जहाजाहून तार आली, जहाज बुडालं. बाप खलाशी, पोरगं नऊ वर्षांचं. आणि तुम्ही सगळे बाहेर उभे राहून ऐकत होतात."

"आम्हाला बाहेर काढलं होतं. आत फक्त बार्बा, कॅमेरामन आणि येर्को. तार-बीर आम्हालाही नंतर कळलं."

"कळलं तेव्हा काय केलंत?"

दारिंकाने एक पान उचललं आणि निवडायला घेतलं. केलं काय, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

दोब्रिलाने देठ मोडून टोपलीत भिरकावला. "मला सांगितलं होतं, तुझं कोकरू शूटिंग संपल्याच्या मेजवानीत कापणार. किती रडले मी! नंतर म्हणतो, गंमत केली. त्या कोकराला कुणी हात लावला नाही, म्हातारं होऊन मेलं ते. पण मी अजून कोकराचं मटण तोंडात घालत नाही. आता ते रडणं परत पडद्यावर, आणि लोक भाजलेले बदाम खात बघणार! पुन्हा येर्कोला ते सगळं बघावं लागणार. म्हणून म्हणते, बरं झालं."

"म्हणजे तू घेतलास?"

"मी?" दोब्रिला कमरेवर हात ठेवून हसली. "अगं, ती एवढी परात घेऊन मी गल्लीतून गेले असते, तर मांजरांनीसुद्धा विचारलं असतं, दोब्रिला, आज पाव कुणाच्या भट्टीत भाजणार? आणि मला नको असता तर मी वेद्रानचा कान धरून तोंडावर सांगितलं असतं. चोरून मी आयुष्यात एकाच माणसाला भेटले, आणि त्याच्याशी लग्न केलं."

हे मात्र खरं होतं. दोब्रिलाला गुपचूप काही करता येत नसे. ती रागावली तर समोरच्या बेटावर कळत असे.

"किल्ली घ्यायला काल कुणी आत आलं होतं?"

"किल्ली कुणी घेतली ते नाही पाहिलं. मी मागे भांडी घासत होते." मग तिने आवाज खाली आणला. तिच्या हिशेबाने खाली. "पण एक सांगू? बार्बा आला होता. पाणी हवंय म्हणाला. पाणी प्यायला आणि दाराशी नुसता उभा राहिला. किती तरी वेळ. खिळ्याच्या अगदी समोर."

३

चर्चच्या भिंतीलगतच्या बाकावर, पाइनच्या सावलीत, बार्बा क्रशेवान लुपिस बसले होते. वय चौऱ्याऐंशी, हातात काठी, डोक्यावर तीच जुनी कापडी टोपी. देशातल्या निम्म्या दिग्दर्शकांना त्यांनी शिकवलं होतं. त्यांच्या 'मूल अभिनय करत नाही' या पुस्तकाची पारायणं झाली होती. मूल अभिनय करत नाही, ते फक्त जगतं, आणि दिग्दर्शकाने ते जगणं पकडायचं असतं. या एका वाक्यावर त्यांची उभी कारकीर्द तोलली होती, आणि त्या वाक्याचा पुरावा म्हणजे होडीघरातला येर्को.

"ये, दारा. पोराने नाश्ता केला का?"

येर्को एकोणपन्नास वर्षांचा होता. डोक्यावरचे केस मागे हटले होते. बार्बांच्या लेखी तो अजून पोर होता.

"केला असेल. बार्बा, वेद्रानचा तुकडा नाहीसा झालाय."

म्हाताऱ्याने समुद्राकडे पाहिलं. चेहऱ्यावर ना आश्चर्य ना राग.

"कुणीतरी डबाच समुद्रात फेकला असेल," ते म्हणाले. "तसला पत्रा तरंगत नाही."

"तुम्हाला तो दाखवायला नको होता का?"

"काल बोललो ना. 'कट'नंतर जे होतं त्याच्याशी जगाला काही देणंघेणं नसतं."

नाही, काल ते बोलले नव्हते. फक्त ताटातल्या माशाचे काटे बाजूला करत राहिले होते. पण दारिंकाने ते सोडून दिलं. म्हातारपणी माणसाला मनात बोललेलंही मोठ्याने बोलल्यासारखं वाटतं.

"तारेची गोष्ट लोकांना दिसेल, ही भीती?"

"ती गोष्ट मीच पुस्तकात छापलीय, बाई. स्वतःच्या नावानिशी. आधी फुशारकीने छापली, दुसऱ्या आवृत्तीत शरमेने. झाकायला उरलंय काय?"

दारिंकाच्या मनातही तेच होतं. जे माणसाने स्वतः चव्हाट्यावर मांडलं ते तो चोरून कशाला लपवेल? शिवाय प्रोजेक्टरच्या खोलीला लोखंडी शिडी होती, उभी, जहाजावर असते तशी. बार्बांना फुटपाथवर चढायला हात द्यावा लागत असे.

"मग काल किल्लीसमोर एवढा वेळ काय करत होतात?"

"किल्ली? कसली किल्ली?" ते खरोखरच बुचकळ्यात पडले. "तिथे फोटो लावलाय. वेण्यांमधली दोब्रिला. कोकराला मिठी मारून रडतेय." काठीच्या मुठीवर त्यांनी दोन्ही हात ठेवले. "तो बघत होतो."

४

येर्को मार्देशिच धक्क्याच्या पायऱ्यांवर ओल्या अंगाने बसून उन्हात वाळत होता. बाजूला दुमडलेला पांढरा कोट. त्याला पाहून जर्मन पर्यटकांतली एक बाई थबकली, मागे वळली, पुन्हा थबकली. त्याने तिच्याकडे पाहून मान लववली. नऊ वर्षांचा असल्यापासून तो हेच करत आला होता.

"तेता दारा! या. शर्टाचं बटण बघायला आलात की काय? शर्टच नाहीये."

"तुझ्या बटणांनी माझी निम्मी नजर घालवली. सरक."

दोघं शेजारी बसली. खाली पाणी इतकं नितळ होतं की दगडांवरचे समुद्री साळू दिसत होते.

"आमच्या वेळची पोरं कुठे गेली हो?" येर्को म्हणाला. "तो दात पडलेला स्लाव्हेन, सर्कसच्या चित्रपटातला? दंतवैद्य झाला. हसू नका, खरंच. जुळ्या बहिणी कॅनडात. नियो, तो घोड्यावर बसणारा, जहाजावर स्वयंपाकी झाला. माझ्या आईला शेजारणी म्हणायच्या, लहानपणची कीर्ती आणि दुधाचे दात सारखेच, बाई, दोन्ही पडायचेच. तेराव्या वर्षी माझा आवाज फुटला तेव्हा मीही हात धुऊन बसलो होतो. आणि बार्बांनी पुन्हा बोलावलं. फुटलेल्या आवाजाच्याच मुलाची भूमिका लिहिली होती त्यांनी. मग एकविसाव्या वर्षी पुन्हा. ते नसते तर मीही आज कुणाचे तरी दात उपटत असतो."

"वेद्रानचा तुकडा चोरीला गेलाय, येर्को."

"अरेरे!" तो म्हणाला. खांदे पडले, भुवया वर गेल्या, सगळं जिथल्या तिथे. "बिचारा. पण आता काय सापडतोय? एवढासा तो तुकडा. खिशात घालून कुणीही नेला असेल."

"असेल बाई," दारिंका म्हणाली. तिने सँडल काढल्या आणि पाय पाण्यात सोडले. जुन्या गोष्टी निघाल्या. कॅमेरामनची नक्कल येर्कोने अशी केली की ती खोकेपर्यंत हसली. कॅमेरामन जाऊन आता बरीच वर्षं झाली होती.

मग ती उठली आणि थेट वेद्रानला गाठलं. तो चित्रपटगृहाच्या रिकाम्या बाकांमध्ये डोकं धरून बसला होता.

"तू तो तुकडा उजेडाला धरून पाहिला असशील. 'कट'नंतर नेमकं काय आहे त्यात?"

"फारसं काही नाही. आवाजही नाही, नुसतं चित्र. मुलगा बाहीने नाक पुसतो. मग समोर बघतो आणि असं करतो." वेद्रानने तर्जनी वर केली. "म्हणजे, थांबा एक मिनिट, असं काहीतरी. गोड दिसतो. मग थोडंसं आणखी आहे आणि तुकडा संपतो. मला वाटलं, लोकांना आवडेल."

दारिंका बाकावर टेकली.

"तेता? बरं वाटत नाहीये का?"

"बरं वाटतंय," ती म्हणाली. "चोर कळला की मला नेहमी असंच होतं. यापूर्वी कधी कळला नव्हता, एवढंच."

५

होडीघर अजून होतं तसंच होतं. दगडी कमान, डांबराचा वास, उपडी ठेवलेली होडी. दुपारच्या जेवणानंतर दारिंकाने येर्कोला तिथे बोलावलं. तो आला, होडीवर बसला, आणि तिने काही न बोलता ती दोरी त्याच्या हातात दिली.

"हे काय?"

"चित्रपटात बाप कंदील बांधतो, तोच फास. दोब्रिलाच्या वडिलांनी तुला शिकवला होता. तू डावखुरा. त्यांचा हात बघून बांधायचास, तर आरशातल्यासारखा उलटा पडायचा. बापाची गाठ सुलटी, मुलाची उलटी, दोन दृश्यं एकमेकांना जुळेनात. बार्बांनी मला सगळ्यांसमोर झापलं होतं. मी ती उलटी गाठ जन्मात विसरेन का?"

येर्को गाठीकडे बघत राहिला.

"दुसरं सांगते. मी सगळ्यांना एवढंच म्हणाले की तुकडा गेला. दोब्रिला म्हणाली, एवढी परात घेऊन कोण जाईल? बार्बा म्हणाले, डबा समुद्रात फेकला असेल. डबा जागेवरच आहे हे त्यांना माहीत नव्हतं. तू म्हणालास, खिशात मावेल. परातीएवढ्या डब्यात मुठीएवढं रीळ आहे आणि डबा मागेच राहिलाय, हे उघडून बघणाऱ्यालाच ठाऊक."

"वा," तो हळूच म्हणाला.

"पण का, ते मला कळत नव्हतं. ज्याच्या रडण्याने देश रडला तो ते रडणं का चोरेल? मग वेद्रानने बोट वर करून दाखवलं. त्याला वाटलं, थांबा एक मिनिट. येर्को, शूटिंगच्या त्या सबंध उन्हाळ्यात तू बोट वर केलंस की त्याचा अर्थ एकच होता. 'आणखी एकदा करू?' आता मला सांग, ज्या पोराला नुकतंच कळलंय की आपला बाप बुडाला, ते पोर नाक पुसून विचारेल का, की आणखी एकदा करू?"

बाहेर एका होडीचं इंजिन फटफटत गेलं. येर्कोने दोरी गुडघ्यावर ठेवली.

"रविवार होता," तो म्हणाला. "त्या सकाळी मी आईला कार्ड टाकायला टपाल कचेरीत गेलो, तर दार बंद. मग बार्बा म्हणाले, आत्ताच तार आली. मी मनात म्हटलं, आणली कुणी? ते शहरातले. रोजच शूटिंग, त्यांना वार कुठला आठवतोय! मला कळलं, यांना मी रडायला हवाय. तोवर कुणाला माझ्याकडून काही इतकं हवं नव्हतं. मग रडलो. बार्बा 'कट' म्हणाले आणि स्वतःच तोंड फिरवून उभे राहिले. म्हणून बोट त्यांनी पाहिलं नाही. कॅमेऱ्याची घरघर थांबली नव्हती, ती मला ऐकू आली. कॅमेरामनने डोळा मारला. चाळीस वर्षं मला वाटायचं, तो तुकडा कचऱ्यात गेला असेल."

त्याने कोटाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं छोटं रीळ काढून तिच्या हातात ठेवलं.

"मूल अभिनय करत नाही! त्यांचं सगळं आयुष्य या एका दृश्यावर उभं आहे, तेता. आणि एका नऊ वर्षांच्या पोराने त्यांना बनवलं होतं. हे त्यांना चौऱ्याऐंशीव्या वर्षी, सगळ्या बेटासमोर, बदाम खाणाऱ्या लोकांबरोबर कळावं? वेद्रानला 'दाखवू नकोस' म्हटलं असतं तर तो विचारणार, का? काय सांगणार होतो?"

दारिंकाने रीळ परत त्याच्या हातात दिलं.

"ठेव. मी वेद्रानला सांगते, उंदरांनी खाल्लं."

"पत्र्याच्या डब्यातलं?" कमानीतून आवाज आला.

काठीवर भार टाकून बार्बा क्रशेवान दारात उभे होते. त्यांना इथवर आणणारी दोब्रिला मागे होती, हातात फ्रितुल्यांचं, गरम तळलेल्या गोड भज्यांचं, ताट.

६

"मी नाही काही ऐकलं," दोब्रिला म्हणाली. म्हणजे सगळं ऐकलं होतं.

बार्बा आत आले. बसायला काही नव्हतं म्हणून येर्को उठला आणि त्यांना होडीवर बसवलं. म्हाताऱ्याने ते रीळ बोटांत धरून बघितलं, जणू एखादं फळ पिकलं का ते पाहावं तसं.

"हे मीच कापलं होतं," ते म्हणाले. "ऑक्टोबरात. टेबलावर, या हातांनी."

येर्कोने रिळाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"अरे, शूट केलेलं सगळं दिग्दर्शक आधी बघतो, हे तुला कुणी शिकवलं नाही? त्या दिवशी मी तोंड फिरवलं, कारण मला स्वतःची लाज वाटली. एका लेकराला सांगितलं, तुझा बाप मेला. ऑक्टोबरपर्यंत मी धड झोपलो नाही. मग ते बोट बघितलं." ते हसले, आणि हसताना खोकले. "लबाडा! एकट्याने अंधाऱ्या खोलीत किती हसलो मी. त्या दिवशी घरी जाऊन मेल्यासारखा झोपलो."

"मग ते पुस्तक?" दारिंकाने विचारलं. "'मूल अभिनय करत नाही'?"

"अकादमीला सिद्धान्त हवा होता, बाई. 'मुलं कधी जगतात, कधी अभिनय करतात, मला आधी कळत नाही', असं पुस्तक कोण छापणार?" मग ते येर्कोकडे वळले. "तुला पुन्हा का बोलावलं असं वाटतं तुला? गोंडस होतास म्हणून? तेराव्या वर्षी तू बगळ्यासारखा दिसायचास. जगणारं मूल एकदाच जगतं, पोरा. त्याला दुसऱ्या चित्रपटात 'पुन्हा जग' म्हणून कसं सांगणार? तू विचारलंस, आणखी एकदा करू? तेव्हाच मला कळलं, हा राहणार."

ताट खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"म्हणजे," दोब्रिला म्हणाली, "मी खरं रडले म्हणून घरी बसले, आणि हा खोटं रडला म्हणून देशभर गाजला!"

"हो," बार्बा म्हणाले. "तू विचारलं नाहीस, आणखी एकदा करू का. तू आठवडाभर माझ्याशी बोलली नाहीस. तुला पुन्हा रडवायची मला हिंमत झाली नाही. काल तुझ्या फोटोसमोर उभा राहून तेच सांगत होतो."

"फोटोला कशाला? मी मागेच भांडी घासत होते, मला सांगायचं!"

कुणालाच हसू आवरेना, दोब्रिलालाही नाही. फक्त येर्को हसत नव्हता. त्याने कमानीच्या दगडाला पाठ टेकली होती.

"बार्बा, एक राहिलं," तो म्हणाला. "रविवार होता, तार खोटी होती, हे मला माहीत होतं. सगळं खरं. पण ते पाणी मी आणलं नव्हतं. तुम्ही 'जहाज बुडालं' म्हणालात, आणि ते आलं. खोटं असलं तरी कानांनी ऐकलं होतं ना मी. मग मी बोट वर केलं, कारण ते पुन्हा करायला मिळालं असतं, तर ते नुसतं नाटक आहे असं मला स्वतःला पटलं असतं. कॅमेरामन हळूच म्हणाला, नको, झालं." त्याने ओठ पुसले. "बाबा डिसेंबरात घरी आले. नाताळ संपेपर्यंत मी त्यांच्या कोटाची बाही सोडली नाही. आईला वाटलं, पोराला ताप आहे."

बार्बांची काठी त्यांच्या गुडघ्यावरून घसरली आणि कुणी ती उचलली नाही.

"मग मी चाळीस वर्षं उगाचच शांत झोपलो," ते शेवटी म्हणाले.

"झोपलात ते बरं केलंत. जागे राहिला असतात, तर मलाही पुन्हा बोलावलं नसतंत."

म्हाताऱ्याने हात पुढे केला. येर्को जवळ गेला, खाली बसला, आणि तो हात त्याच्या विरळ केसांवर पडला.

"माफ कर, पोरा." मग मान न वळवता ते म्हणाले, "दोब्रिला, तूसुद्धा."

"तुमची माफी मी उद्या बघते," दोब्रिला नाक ओढत म्हणाली. "आत्ता मला खुर्च्या मांडायच्यात. आणि ते खा, थंड होतंय."

सूर्य कलल्यावर सगळं बेट उशा आणि शाली घेऊन चित्रपटगृहात जमलं. येर्कोने ते रीळ स्वतः वेद्रानच्या हातात दिलं. "दाखव," एवढंच म्हणाला, आणि वेद्रानचा वासलेला जबडा तसाच सोडून पहिल्या रांगेत बार्बांच्या शेजारी जाऊन बसला.

चित्रपट संपला, टाळ्या संपल्या, आणि मग तो तुकडा आला. मुलगा रडला. मग त्याने बाहीने नाक पुसलं, आणि बोट वर केलं. क्षणभर कुणाला काही कळेना, मग जुन्या माणसांपैकी कुणीतरी ओरडलं, "आणखी एकदा मागतोय!" आणि सगळं चित्रपटगृह हसून लोटपोट झालं. शिट्ट्या, टाळ्या, "ब्राव्हो येर्को!" मागच्या भिंतीवर बसलेली पोरंही पाय आपटत होती.

दारिंका हसली नाही. ती सवयीने शेवटपर्यंत पडद्याकडे बघत राहिली. तुकडा अजून संपला नव्हता. कुणीतरी नको म्हटलं असावं, कारण बोट हळूहळू खाली आलं. मग तो मुलगा कॅमेऱ्याला विसरला. त्याने मान वळवली, आणि फिल्म संपेपर्यंत तो होडीघराच्या दारातून बाहेर, समुद्राकडे, बघत राहिला.